दोन बिघाड, एकच तक्रार: १९७३ च्या बुलेटचं अधूनमधून बंद पडणं

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी भागातलं एक गाव. कापूस, सोयाबीन, थोडी तूर आणि विहिरीवर एखाद्या तुकड्यात संत्रा. ज्यांची ही गाडी, ते पन्नाशीचे शेतकरी. त्यांच्या वडिलांनी १९७३ साली घेतलेली ३५० सीसीची बुलेट त्यांच्याकडे आली ती वडिलांच्या माघारी. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक, म्हणजे नेमके ३४६ सीसी. बिडाचं सिलिंडर, पॉइंट-कंडेन्सरवर चालणारं इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी व्यवस्था, आणि हेडलाइटच्या डूमवर विजेचा प्रवाह दाखवणारा छोटासा अँपिअर मीटर. या प्रकरणात त्या मीटरचं महत्त्व फार मोठं आहे.

ही गाडी शोभेची नाही. खताची पिशवी, फवारणी पंप, तालुक्याचा बाजार, बँक, सगळं तिच्यावर होतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करता येते आणि त्यांनी तशी चौकशीही केली होती. पण तशी नोंद केली की गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. त्यामुळे त्यांनी तो विचार सोडला. त्यांना गाडी चालायला हवी होती, आणि ती भरवशाने चालत नव्हती.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक आहे. जुन्या गाड्यांचं विजेचं काम हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून हे प्रकरण एप्रिलच्या शेवटी माझ्याकडे आलं. गावाचं, माणसांचं नाव देत नाही. बाकी घडलं तसं लिहितो, माझ्या चुकांसकट.

तक्रार

"सर, गाडी चालता चालता बंद पडून राह्यली. कवा पडन सांगता येत नाही. अर्धा घंटा झाडाखाली उभी केली का एका किकमंधी चालू."

वहीत मी हे लिहून घेतलं. त्याच्या खाली त्यांनी सांगितलेलं आणखी एक वाक्यही माझ्याच अक्षरात आहे: कधी कधी क्षणभर मरते, सायलेन्सरमध्ये धडाम आवाज येतो आणि पुन्हा चालू होते. हे दुसरं वाक्य मी लिहिलं, पण वाचलं नाही. पहिल्या तक्रारीचीच ती सौम्य तऱ्हा असेल, असं धरून चाललो. इथून पुढचे चार महिने त्या एका गृहीताचे आहेत.

"बंद पडते" या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या गोष्टी मावतात. पेट्रोल कमी पडलं की गाडी रडत रडत, ओढ सोडत मरते. करंट हळूहळू कमजोर झाला की आधी मिसिंग करते, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकते, फटाके फोडते, मग मरते. आणि वायर तुटल्यासारखी सुटली की चावी फिरवल्यागत एका झटक्यात मरते. मालकाला या तिन्हींचा त्रास सारखाच, म्हणून तो तिन्हींना एकच नाव देतो. ती वेगळी करणं हे ऐकणाऱ्याचं काम.

माझ्याआधी काय झालं होतं

गावातल्या मिस्त्रींनी वर्षभरात तीन प्लग, दोन कंडेन्सर आणि तीन वेळा पॉइंट बदलले होते. कार्बोरेटर दोनदा धुतला होता. प्रत्येक वेळी गाडी आठ-दहा दिवस नीट चालायची, मग तेच. सगळं मिळून चार हजारांवर खर्च झाला होता.

मिस्त्रींचा तर्क चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी काढलेले पॉइंट मी पाहिले. तिन्ही जोड जळून खड्डे पडलेले, एका बाजूला धातूचा उंचवटा. कंडेन्सर खराब झाला की नेमकं असंच होतं. पॉइंट म्हणजे इंजिनासोबत उघडझाप करणारा विजेचा संपर्क, आणि कॉइल म्हणजे व्होल्ट वाढवणारी दोन वेढ्यांची गुंडाळी. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या पहिल्या वेढ्यात प्रवाह भरतो. ते उघडतात तेव्हा चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. उघडतानाची ठिणगी पॉइंटवरच उडू नये म्हणून साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तो धक्का झेलतो. तो निकामी झाला की पॉइंट जळतात. पण पॉइंट जळण्याचं दुसरंही कारण असतं, ते म्हणजे त्यांच्यातून जास्त प्रवाह जाणं. त्या दिशेने कोणी पाहिलं नव्हतं.

आणि प्रत्येक दुरुस्तीनंतरचे ते आठ दिवस? टाकी काढली, वायरी हलल्या, सांधे जागचे सरकले. एवढ्यानेही अधूनमधूनचा बिघाड काही दिवस दडून बसतो. नवा सुटा भाग बसवला आणि गाडी चालली, यावरून तोच भाग खराब होता असं ठरत नाही.

समोरचे पर्याय

घरच्यांमध्ये तीन मतं होती. धाकट्या भावाचं म्हणणं, गाडी विका आणि नवी घ्या. मालकांचा कल नागपूरला एखाद्या जाणकाराकडे महिनाभर ठेवण्याकडे होता. पुतण्याला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनची किट बसवायची होती.

विकण्याची गोष्ट मी बोललोच नाही. तो त्यांच्या घरातला प्रश्न. नागपूरला गाडी ठेवायला माझा विरोध होता, कारण हा बिघाड वर्कशॉपच्या सावलीत दिसणारा नव्हता. उभ्या गाडीत तो नसतो. दहा-बारा किलोमीटर उन्हात चालवल्यावर येतो. तिथला कारागीर कितीही हुशार असला तरी चालू गाडी पाहील, दोन भाग बदलेल आणि परत देईल.

किटचा पर्याय मला स्वतःला मोहात पाडणारा होता. पॉइंटची कटकट खरंच जाते. पण किटला वीज मिळते ती त्याच चावीतून, त्याच वायरीतून, आणि ठिणगी पडते ती बहुधा त्याच कॉइलमधून. कारण माहीत नसताना किट बसवली असती तर कारण आत तसंच राहिलं असतं आणि शोधणं आणखी कठीण झालं असतं. शिवाय पॉइंटचा सेट तालुक्याला मिळतो, किटचं मॉड्यूल मिळत नाही. पेरणीच्या दिवसांत याला किंमत आहे.

म्हणून चौथा मार्ग ठरला. गाडी तिथेच ठेवायची, ती जशी बंद पडते तशी मुद्दाम बंद पाडायची, आणि बंद पडलेल्या क्षणी मोजायचं. तोपर्यंत एकही भाग बदलायचा नाही. मिस्त्रींनाही सोबत यायला सांगितलं आणि ते आले. त्यांच्याशिवाय हे झालं नसतं.

मे महिन्यातली तपासणी

आधी पेट्रोल बाजूला काढलं. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरणं थांबतं. थोडा वेळ उभं राहिलं की हवा शिरते, गाडी चालू होते. लक्षण हुबेहूब. झाकण सैल ठेवून मालकांनी गाडी दोन दिवस चालवली. तरी बंद पडली. बंद पडल्यावर लगेच कॉक खालची नळी काढून पाहिली तर धार पूर्ण होती, आणि प्लग ओला. ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही. प्रश्न करंटचा.

मग एक साधी सोय केली. बारा व्होल्टचा छोटा इंडिकेटरचा बल्ब, एक वायर कॉइलच्या त्या टोकाला जिथे चावीकडून वीज येते, दुसरी फ्रेमला. बल्ब हँडलवर टेपने बांधला. उन्हात तो पेटला की नाही हे दिसेना, म्हणून मिस्त्रींनी मोटारपंपाच्या काळ्या पाइपचा वीतभर तुकडा कापून बल्ब त्याच्या तळाशी बसवला. वरून डोकावलं की स्पष्ट दिसायचा. गाडी बंद पडली आणि दिवा चालू असला, तर कॉइलपर्यंत वीज येतेय आणि दोष कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा पुढच्या जाड वायरीत. दिवाही गेला, तर दोष मागे, चावी ते कॉइलच्या वाटेवर. एका बल्बने अर्धी गाडी बाजूला पडते.

रविवारी दुपारी दोनला निघालो. सावलीतलं तापमान ४४. मालक गाडीवर, मागे बारावीतली त्यांची मुलगी हातात वही घेऊन, मी आणि मिस्त्री दुसऱ्या गाडीवर. रस्ता निवडला तो तालुक्याकडे जाणारा, सरळ, कमी रहदारीचा. ही निवड उष्णतेच्या बिघाडासाठी बरोबर होती आणि दुसऱ्या बिघाडासाठी पूर्ण चुकीची. ते पुढे येईल.

अकराव्या किलोमीटरला मिसिंग सुरू झालं, बाराव्याच्या आत गाडी मेली. मुलीच्या वहीत त्या ओळीसमोर लिहिलंय: दिवा चालू.

बाभळीखाली गाडी लावली. प्लग काढून हेडवर टेकवला आणि किक मारली. ठिणगी बारीक, लालसर, कधी पडे कधी नाही. नवा प्लग लावला, तेच. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू करून अँपिअर मीटर पाहिला. इथे थोडं थांबतो, कारण बुलेट चालवणाऱ्या प्रत्येकाने हा काटा हजारदा पाहिलेला असतो. डीकम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक हळू खाली नेताना काटा उणे बाजूवरून मध्यावर आला की पॉइंट उघडले, आता मारायची, हे आपल्याला घरातल्या मोठ्यांनी शिकवलेलं असतं. म्हणजे काटा कॉइलमधून जाणारा प्रवाहच दाखवत असतो. बारा व्होल्टच्या कॉइलला तो साडेतीन-चार अँपिअर उणे दिसायला हवा. इथे तो साडेसहाच्या आसपास होता. आणि कॉइलला हात लावता येत नव्हता.

चावी बंद करून कॉइलच्या वायरी सोडवल्या आणि पहिल्या वेढ्याचा रोध मोजला. स्वस्त मल्टिमीटरवर एवढा कमी रोध मोजताना आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून मीटरचा स्वतःचा आकडा वजा करावा लागतो. तो वजा जाता १.६ ओहम उरला. बारा व्होल्टच्या कॉइलला हा आकडा साधारण तीन ते चारच्या दरम्यान असतो.

ही सहा व्होल्टची कॉइल होती.

आता सगळं जुळलं. १९७३ ची गाडी मुळात सहा व्होल्टची. नव्वदच्या दशकात कधीतरी वडिलांनी ती बारा व्होल्टवर करून घेतली. अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारा भाग), बॅटरी, बल्ब, हॉर्न बदलले. कॉइल राहिली, किंवा नंतर बदलताना कोणी जुनीसारखी बघून सहा व्होल्टचीच आणली. गाडी त्या कॉइलवर चालते. उलट थंड असताना ठिणगी जोरदार पडते. पण दुप्पट व्होल्ट म्हणजे दुप्पट प्रवाह आणि चौपट उष्णता. तापलेल्या कॉइलच्या आतल्या वेढ्यांमधलं वेष्टन दम सोडतं, दाब आतल्या आतच गळतो, प्लगपर्यंत पोचत नाही. थंड झाली की पुन्हा उभी. पॉइंट जळण्याचं कारणही हेच. त्यात मालकांची एक सवय भर घालत होती: गाडी बंद पडल्यावर चावी चालू ठेवूनच ते पंधरा-वीस मिनिटं किका मारत. मध्येच पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं की कॉइल आणखी भाजत राही.

निर्णयाची जागा: लगेच बदलायची की नाही

माझ्या पेटीत बारा व्होल्टची चांगली कॉइल होती. ती लावून घरी गेलो असतो तर कोणी नावं ठेवली नसती. पण या गाडीला आतापर्यंत जे जे बदललं ते सगळं आठ दिवस "लागू पडलं" होतं. मला पुरावा दोन्ही बाजूंनी हवा होता.

आधी ओलं फडकं फक्त कॉइलवर ठेवलं, जाड वायरीच्या टोकाला पाणी लागू न देता. इंजिन तसंच तापलेलं. नेहमी पंचवीस-तीस मिनिटं लागायची, त्या दिवशी सात मिनिटांत गाडी चालू झाली. म्हणजे थंड व्हायला हवं होतं ते इंजिन नव्हे, कॉइल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर बारा व्होल्टची कॉइल बांधून तीस किलोमीटर फिरलो. एकदाही मिसिंग नाही. तिसऱ्या दिवशी मी जुनी कॉइल परत लावायला सांगितलं.

"चालू झाली न सर, मंग जुनी कायले लावता?"

त्यांचा वैताग रास्त होता. तीन दिवस, पेट्रोल, ऊन. मी म्हटलं, भाऊ, जुनी लावून पुन्हा बंद पडली तरच मी म्हणेन की कारण सापडलं. बाराव्या किलोमीटरला बंद पडली. त्यानंतर बारा व्होल्टची कॉइल कायमची बसवली, नवे पॉइंट टाकले, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवला, विडीच्या बंडलाचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून टायमिंग जुळवलं. काटा आता साडेतीनच्या जरा अलीकडे थांबत होता.

प्रकरण संपलं असं मी जाहीर केलं. मिस्त्रींनी जुनी कॉइल घरी नेली.

इथे मी काय सोडलं ते आत्ताच सांगतो. बॅटरी १२.४ व्होल्ट आणि कॉइल १.६ ओहम, तर प्रवाह पावणेआठ अँपिअर यायला हवा होता. काटा साडेसहा दाखवत होता. मी मनाशी म्हटलं, पन्नास वर्षांचा मीटर आहे, एवढा फरक पडणारच, बॅटरीही भार घेतल्यावर थोडी उतरते. तो अँपिअरभराचा फरक कुठेतरी अडत होता. कुठे, हे मी विचारलं नाही, कारण माझ्याकडे एक उत्तर तयार होतं आणि ते खरंही होतं.

पावसाळा

जून, जुलै बरे गेले. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी मालक शेताकडे निघाले होते, मागे फवारणी पंप. डांबरी रस्ता सोडून पांदणीत वळताना गाडी एका झटक्यात मेली. मागून ट्रॅक्टर येत होता. चालकाने ब्रेक लावला म्हणून निभावलं. पंपासह ते धुऱ्याच्या कडेला पडले, गुडघा सोलला. रात्री त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्त लागलं.

मी पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारले. मिसिंग केलं का आधी? नाही. फटाके? नाही. हॉर्न वाजत होता? हो. हेडलाइट?

"लाइट चालू होता सर, फक्त इंजिन मेलं. अन् एका किकमंधी चालू झालं. त्या नाल्यापाशीच होते हे. लोक म्हंतेत जागा बरी नाही."

त्या वळणाबद्दल गावात वर्षानुवर्षं बोलणं आहे, आणि मालकांच्या आईने तिथे नारळही फोडला होता. मला त्या वाक्यात सगळ्यात महत्त्वाची माहिती मिळाली. बिघाड एका जागेवर येत होता. ती जागा म्हणजे काटकोनातलं डावं वळण, गाडी अगदी हळू, हँडल डावीकडे पूर्ण वळलेलं. मे महिन्यात आम्ही ज्या रस्त्यावर तपासणी केली तिथे असं वळण एकही नव्हतं.

हेडलाइट चालू म्हणजे बॅटरीपासून डूमपर्यंत वीज ठीक. इंजिनाचीच वीज गेली म्हणजे चावी ते कॉइल.

रविवारी सकाळी गाडी अंगणात मधल्या स्टँडवर लावली, पाइपातला दिवा पुन्हा बांधला, इंजिन हळू चालू ठेवलं. मी हँडल उजवीकडून डावीकडे सावकाश नेलं. डाव्या टोकाला पोचताच मुलगी ओरडली, "काका, दिवा गेला!" इंजिन मेलं. हँडल थोडं सोडलं, दिवा आला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

मग इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, चावी चालू, आणि मल्टिमीटर व्होल्टवर: एक टोक बॅटरीच्या धन बाजूला, दुसरं कॉइलच्या येणाऱ्या टोकाला. वाट चांगली असेल तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. हँडल सरळ असताना ०.९ होता. वायर जरा ओढली की तीनच्या वर उडी. हे मोजमाप करायला दोन मिनिटं लागतात. मे महिन्यात मी ते केलं नव्हतं.

डूम उघडला. स्टीअरिंगच्या गळ्याजवळ, जिथे वायरींचा जुडगा वळतो, तिथे चावीकडून येणारी वायर कोणीतरी जोडलेली होती. बारा व्होल्टच्या कामाच्या वेळचाच सांधा असावा. पिळून जोडलेला, वर काळी टेप. विदर्भातल्या तीसेक उन्हाळ्यांनी टेपचा चिकट लगदा झाला होता. ती काढली तर तांबं हिरवं पडलेलं, बारीक तारांपैकी दोनच शाबूत. हँडल डावीकडे गेलं की त्यांच्यावर ताण यायचा. पावसाळी दमटपणाने उरलीसुरली जोड सैल केली.

दोन बिघाडांचं नातं

हे दोन दोष योगायोगाने एकत्र आले असं मला आधी वाटलं. वहीवर आकडेमोड केल्यावर तसं दिसलं नाही. ०.९ व्होल्टची घट आणि साडेतीनच्या जवळचा प्रवाह, म्हणजे सांध्याचा रोध पाव ओहमच्या आसपास. जुन्या कॉइलच्या वेळी त्याच सांध्यातून साडेसहा अँपिअर जात होते, म्हणजे त्या बोटभर जागेत दहा-बारा वॅट उष्णता. टेप तिथेच वितळली, तांबं तिथेच काळं-हिरवं झालं. चुकीच्या कॉइलने सांधा भाजला होता. आणि पावणेआठ ऐवजी साडेसहा दाखवणारा काटा खरं बोलत होता. गेलेला अँपिअर बहुतेक याच सांध्यात अडला होता.

कॉइल बदलल्यावर प्रवाह निम्मा झाला, सांध्यातली उष्णता चौथाई झाली. म्हणून जून-जुलै बरे गेले. एक दोष दुरुस्त केल्याने दुसरा बरा झाल्यासारखा दिसला. या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट ही आहे.

"क्षणभर मरते, धडाम होते, पुन्हा चालू होते" याचा अर्थही आता लागला. वायर क्षणभर सुटते, तेवढ्यात न जळलेलं मिश्रण गरम सायलेन्सरमध्ये साचतं, वायर पुन्हा लागते, ठिणगी येते आणि साचलेलं पेटतं. एप्रिलच्या पानावर हे लिहिलेलं होतं.

काय केलं

चावीपासून कॉइलपर्यंत मधे सांधा नसलेली नवी वायर ओढली, दीड स्क्वेअर मिलिमीटरची, बारीक अनेक तारांची. स्टीअरिंगच्या गळ्याशी तिला सैल वळसा ठेवला, हँडल दोन्ही टोकांना नेलं तरी ओढ बसणार नाही एवढा. टोकांना लग दाबून बसवले, वर रबरी स्लीव्ह. वाटेत फ्यूज टाकला, जो या गाडीत नव्हताच. त्याच जुडग्यातल्या बाकीच्या वायरीही तपासल्या. ब्रेकलाइटच्या वायरीत आणखी एक पिळलेला सांधा निघाला, तोही काढला. सगळं सामान दोनशे रुपयांच्या आत झालं. घट पुन्हा मोजली, ०.२ व्होल्ट.

परिणाम

पुढच्या मे महिन्यात त्याच रस्त्यावर, त्याच वेळी चाळीस किलोमीटर गेलो. आणि या खेपेला पांदणीच्या वळणावर दहा फेऱ्याही मारल्या. गाडी थांबली नाही. दोन हजार किलोमीटरनंतर पॉइंट उघडून पाहिले. पृष्ठभाग सपाट, हलका राखाडी. दीड वर्षात इग्निशनमुळे गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिल्याच दिवशी मालकांना तासभर बसवून शेवटच्या पाच वेळा गाडी नेमकी कशी मेली ते वेगवेगळं सांगायला लावेन. आधी मिसिंग होतं का, दिवे चालू होते का, किती वेळाने चालू झाली, हँडल कुठे होतं, वेग किती होता. पाचपैकी दोन प्रसंग बाकीच्यांशी जुळले नाहीत तर वहीत दोन पानं करेन आणि दोन्ही पानं बंद होईपर्यंत प्रकरण बंद म्हणणार नाही.

गाडी हलवण्याआधी अंगणातच तीन मोजमापं घेईन: कॉइलचा रोध, पॉइंट मिटलेले असताना बॅटरी ते कॉइल व्होल्टची घट, आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून इंजिनाचा अंदाज. व्होल्ट बदललेल्या कुठल्याही जुन्या गाडीत तर कॉइल सगळ्यात आधी. एवढं एप्रिलमध्ये केलं असतं तर दोन्ही दोष अर्ध्या दिवसात हाती लागले असते. उन्हातल्या त्या तीन फेऱ्या तरीही केल्या असत्या का? जुनी कॉइल परत लावून पाहण्याची फेरी केलीच असती. माझ्या मते ती या कामातली सगळ्यात प्रामाणिक फेरी होती, आणि मिस्त्रींनाही तीच पटली.

पण तपासणीचा रस्ता निवडताना मालकांना विचारलं असतं की गाडी कुठे कुठे मेली ते दाखवा, आणि आम्ही तिथेच गेलो असतो. नाल्याजवळच्या वळणाची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. मला कोणी सांगितली नाही, कारण मी विचारली नाही.

आणि एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगायला हवी होती: कारण पक्कं होईपर्यंत अंधारात आणि मागे ओझं घेऊन ही गाडी काढू नका. चालू गाडी अचानक मरणं हा जिवाचा प्रश्न आहे, आणि मी तो फक्त विजेचा प्रश्न म्हणून हाताळला. त्यांचा गुडघा बरा झाला. ट्रॅक्टरचा चालक जागरूक होता एवढंच.

सध्या हेडलाइट लावून गाडी जागेवर हळू चालू ठेवली की काटा किंचित उणे बाजूला सरकतो. तो अल्टरनेटरकडचा प्रश्न दिसतो, इंजिन त्याने थांबत नाही. मुलगी आता अभियांत्रिकीला अमरावतीला आहे, तिची वही मात्र घरीच. तिच्यात नवं पान काढून काट्याचे आकडे रोज लिहून ठेवायला मी मालकांना सांगितलंय. वेचणी संपली की डाव्या बाजूचं कव्हर उघडू.